हळदीवर नाव कोणाचे?

आम्ही दोघे मराठी शिकवतो. आमच्यापैकी एक जण शिरूरच्या महाविद्यालयात, दुसरी दौंडच्या. काही वर्षांपूर्वी दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही एक छोटा प्रकल्प केला. घोड आणि भीमा या नद्यांच्या काठच्या गावांत जाऊन लग्नातील हळदीच्या ओव्या आणि घरगुती उटण्यांच्या कृती लिहून आणायच्या, असे त्याचे स्वरूप होते. मुलामुलींनी उत्साहाने काम केले आणि वर्षअखेरीस त्याची एक पुस्तिका निघाली. मुखपृष्ठावर ‘संकलन व संपादन’ या शब्दांखाली आमची दोघांची नावे होती. प्रस्तावनेत आम्ही विद्यार्थ्यांचे आभार मानले होते आणि ‘लोकपरंपरेतील अनामिक प्रतिभेला’ वंदन केले होते.

एका विद्यार्थिनीने ती पुस्तिका घरी नेऊन आजीला वाचून दाखवली. पुढे त्या आजींची आमच्याशी गाठ पडली, तेव्हा त्यांनी सरळ विचारले, “सर, ह्यातली एक ओवी माझ्या आत्यानं रचली. तिचं नाव न्हाई आन् तुमचं हाये. तुम्ही तवा जात्यावर व्हता का?”

प्रश्नात राग नव्हता, निखळ कुतूहल होते. म्हणूनच तो जास्त लागला. लोकसाहित्य अनामिक असते, समूहनिर्मित असते, हे वाक्य आम्ही वर्षानुवर्षे प्रश्नपत्रिकेच्या उत्तरात लिहवून घेत आलो आहोत. ते वाक्य ज्या बाईच्या घरातून निघाले, तिला मात्र कर्ती कोण हे पक्के ठाऊक होते. हळदीच्या निमित्ताने कर्तृत्वाचा हा प्रश्न जरा मागे जाऊन तपासावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या भागात लग्नाआधी घाणा भरतात. जात्याला हळकुंड आणि सुपारी बांधतात, मुसळाला आंब्याची पाने बांधतात आणि सवाष्णी मिळून हळद दळतात, कांडतात. दळताना ओवी येते. मग ती हळद नवऱ्या मुलाला लागते आणि त्याच्या अंगाची उरलेली ‘उष्टी हळद’ नवरीच्या घरी जाते. म्हणजे त्वचेला लावायचे द्रव्य आणि गाण्याचे शब्द एकाच वेळी, एकाच दगडाखालून, त्याच हातांतून निघतात. हळद किती घ्यायची, तेल कोणते, डाळीचे पीठ कधी मिसळायचे, कोणाच्या अंगाला ती सोसत नाही, हे सारे त्या हातांना माहीत असते. ओवी जशी सासुरवाशिणीबरोबर माहेराहून सासरी जाते, तशी उटण्याची कृतीही जाते. दोन्हींवर सही नसते. सही नसली की कर्ता नसतो, असे मानण्याची सवय आपल्याला, म्हणजे लिहिणाऱ्यांना आहे.

या सवयीला पुण्यातच एक मोठा अपवाद घडला. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ यांनी १९८०च्या दशकात मुळशीच्या डोंगरी भागातील बायकांबरोबर काम करताना जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. काम वाढत जाऊन एक हजाराहून अधिक गावांतील एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. बर्नार बेल यांनी त्यांची संगणकीय सूची उभी केली आणि ध्वनिमुद्रणे केली. पॉइटवाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. २०१७ पासून हा संग्रह ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहालयातून क्रमाने प्रसिद्ध होऊ लागला. त्यात शिरूर तालुक्यातील सविंदणे गावच्या गायिकाही आहेत. या संग्रहाचे मोल त्याच्या आकड्यात आहेच; पण आम्हाला आज महत्त्वाची वाटते ती त्याची नोंदवही. ओवीखाली गाणारीचे नाव, गाव आणि तालुका दिलेला असतो. ती ओवी तिने स्वतः रचली की आईकडून घेतली, हे दर वेळी सांगता येत नाही. तरीही ती कोणाच्या मुखातून आली, हे कागदावर राहते. आमच्या पुस्तिकेत नेमके हेच नव्हते. आणि हा नमुना आमच्यासमोर, आमच्याच जिल्ह्यात, उपलब्ध होता.

वास्तविक मराठी अभ्यासकाला कर्तृत्वाचा प्रश्न नवा नाही. शिवराम एकनाथ भारदे यांनी १८९८-९९ मध्ये ‘सुधारक’ पत्रात लेखमाला लिहून ज्ञानेश्वरीचा कर्ता आणि अभंगांचा कर्ता हे दोन वेगळे ज्ञानदेव होत, असा पक्ष मांडला. तो वाद पुढे कित्येक दशके चालला. भाषेची रूपे, उपास्य दैवत, नाममुद्रा, हस्तलिखितांची वंशावळ अशी कितीतरी साधने त्यासाठी वापरली गेली. गंमत अशी की कर्ता कोण, हे विचारणारे भारदे स्वतः ‘भारद्वाज’ या टोपणनावाने लिहीत होते. नामदेवांच्या गाथेतले नामदेवांचे किती आणि विष्णुदास नाम्याचे किती, हा दुसरा तसाच वाद. क्रिस्टियन नोव्हेट्स्के यांनी २००८च्या आपल्या ग्रंथात या दुसऱ्या प्रश्नाकडे निराळ्या बाजूने पाहिले. कीर्तनपरंपरेत ‘नामा’ हे नाव एका व्यक्तीचे असते, तसेच ते पुढे गाणाऱ्या अनेकांनी सांभाळलेले, वाढवलेले नाव असते, असा त्यांचा रोख आहे. जनाबाईचे तर जात्याशीच नाते. तिची नाममुद्रा तिच्या अभंगांत टिकली. तिला सखी मानून पहाटे दळणाऱ्या हजारो बायकांची टिकली नाही. संतांच्या एकेका चरणासाठी आपण शंभर वर्षे भांडलो. जात्याजवळ कर्तीचे नाव विचारायला मात्र फारसे कोणी थांबले नाही.

आता द्रव्याकडे वळू. हळदीचा लिखित इतिहास जुना आहे आणि त्याचेही कर्तृत्व एकपदरी नाही. चरकसंहिता घ्या. मूळ उपदेश आत्रेयांचा, तंत्र अग्निवेशाचे, संस्कार चरकाचा आणि पूर्ती दृढबलाची, असे ती संहिता स्वतःच सांगते. एकशे वीस अध्यायांपैकी एक्केचाळीस दृढबलाने पुरे केले. ज्या ग्रंथाला आपण एका नावाने ओळखतो, त्याने आपल्या चार हातांची नोंद स्वतःत करून ठेवली, ही गोष्ट संपादकांनी शिकण्यासारखी आहे.

त्याच संहितेत सूत्रस्थानात औषधींचे दहा-दहांचे गट दिले आहेत. त्यांतला ‘वर्ण्य’ हा गट कांती उजळणाऱ्या द्रव्यांचा. त्यात चंदन, पद्मक, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, सारिवा आहेत, हळद नाही. हळद आहे ती ‘कुष्ठघ्न’ गटात, म्हणजे त्वचारोग हटवणाऱ्या द्रव्यांत. उलट अमरकोशात हळदीच्या पर्यायनामांत ‘वरवर्णिनी’ हे नाव येते आणि त्यात वर्णाची, कांतीची कल्पना उघड आहे. वैद्याच्या यादीत ती रोगासाठी, कोशकाराच्या नोंदीत ती रूपासाठी. हळद औषध की प्रसाधन, हा पुढे न्यायालयात गेलेला प्रश्न असा दोन ग्रंथांच्या मधल्या जागेत फार पूर्वीपासून बसलेला होता.

या इतिहासाची कसोटी लागली ती १९९५ साली. त्या वर्षी २८ मार्चला अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने जखम भरून आणण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट मंजूर केले. संशोधक म्हणून सुमन दास आणि हरिहर कोहली ही दोन भारतीय वंशाची नावे होती. हक्क मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राकडे होते. बातमी आल्यावर आपल्याकडे संताप झाला, तो स्वाभाविक होता. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने मात्र संतापावर न थांबता १९९६ साली फेरतपासणीचा अर्ज केला. परिषदेचे महासंचालक तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर होते. त्याआधी ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. परिषदेने बत्तीस संदर्भ सादर केले. त्यांत संस्कृत, उर्दू आणि हिंदी ग्रंथ होते, काही शंभर वर्षांहून जुने. शिवाय भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला १९५३चा एक निबंधही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये पेटंटचे सारे दावे फेटाळले गेले.

हा विजय खरा होता. पण तो कशाच्या बळावर मिळाला, हे बारकाईने पाहिले पाहिजे. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार एखादी गोष्ट परदेशात नुसती वापरात आहे, लोकांना ठाऊक आहे, एवढे दाखवून पेटंट रद्द होत नसे. तिचे पेटंट किंवा छापील वर्णन दाखवावे लागे. अमेरिकेतल्या अमेरिकेत मात्र नुसता ज्ञात वापरही चालत असे. याचा अर्थ असा की कोट्यवधी घरांतल्या बायकांनी चिमूटभर हळद जखमेवर दाबली, ही घटना त्या कायद्याच्या दृष्टीने घडलीच नव्हती. ती कोणीतरी छापली, तेव्हा घडली. शिरूरमधल्या आजी साक्षीला गेल्या असत्या, तर त्यांची साक्ष ग्राह्य धरली गेली नसती. त्यांचे ऐकून लिहिणाऱ्याचे पुस्तक धरले गेले असते. २०११च्या सुधारणेने, जी मार्च २०१३ मध्ये लागू झाली, हा देशी-परदेशी भेद काढला आणि लोकांना अन्य मार्गाने उपलब्ध असलेले ज्ञानही जमेस धरले. भारताने २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल ग्रंथसंग्रह उभारला, तोही मुख्यतः ग्रंथनिविष्ट ज्ञानाचा. हळद वाचली, याचे श्रेय ग्रंथांना आहे. दळणारीचे नाव त्या खटल्यात कोणत्याच बाजूने आले नाही.

आपल्याकडचा कायदाही ग्रंथाचाच आधार घेतो. १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आयुर्वेदाच्या प्रमाणग्रंथांची यादी आहे. तीत चरक-सुश्रुतांच्या बरोबरीने शंकर दाजीशास्त्री पदे यांचा ‘आर्यभिषक्’ हा ग्रंथही आहे. मराठी घरांत ‘आजीबाईचा बटवा’ म्हणून चालणाऱ्या ज्ञानातला कितीतरी भाग या आधुनिक ग्रंथकारामुळे कायद्याच्या दारात उभा राहू शकला. आजीबाई मात्र बाहेरच राहिली.

प्रसाधन की औषध, या वादाचे महाराष्ट्रातले सर्वांत परिचित उदाहरण ‘विको’चे. केशव विष्णू पेंढरकर यांनी १९५२ साली परळला सुरू केलेल्या या उद्योगाची हळद आणि चंदनतेलाची मलम घरोघरी गेली. ती प्रसाधन मानावी की आयुर्वेदिक औषध, यावर अबकारी कराचा दर ठरत असल्याने कज्जा अनेक वर्षे चालला आणि डिसेंबर २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने, म्हणजे औषध मानून, निकाल दिला. चरकाचा ‘कुष्ठघ्न’ आणि कोशातली ‘वरवर्णिनी’ यांचा हा जणू विसाव्या शतकातला खटला.

येथे परंपरेचा गौरव करून थांबणे सोपे आहे. तसे करणे प्रामाणिक होणार नाही. हळदीतला पिवळा घटक, कुर्क्युमिन, १८१५ साली वेगळा केला गेला आणि १९१० साली त्याची रासायनिक रचना ठरली. गेल्या काही दशकांत त्यावर हजारो निबंध निघाले. २०१७ साली कॅथरीन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी रसायनशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात या साऱ्याचा आढावा घेतला. हा रेणू अस्थिर आहे, शरीरात फारसा शोषला जात नाही आणि प्रयोगनळीतल्या चाचण्यांना फसवून खोटे अनुकूल निकाल देऊ शकतो, असे त्यांनी दाखवले. कुर्क्युमिनवरच्या अनेक शोधनिबंधांतील चित्रांविषयी शंका निर्माण होऊन ते नियतकालिकांना मागे घ्यावे लागले, हेही घडले आहे. त्या निबंधांवर नावे होती, म्हणूनच जाब विचारता आला. कर्तृत्वाची ही दुसरी बाजू आहे. नाव म्हणजे मान, तसेच नाव म्हणजे उत्तरदायित्व.

ही दुसरी बाजू त्वचेच्या बाबतीत किती जिवावरची असते, हे अकोल्याच्या एका घटनेने दाखवले. २०२३च्या आरंभी वृत्तपत्रांत आले की तेथील एका कुटुंबातील तीन स्त्रियांच्या मूत्रपिंडांना इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर धागा गोरेपणाच्या एका क्रीमपर्यंत पोचला आणि त्यात पारा आढळला. पारा त्वचेतील रंगद्रव्य तयार करणाऱ्या विकराला अडवतो, म्हणून चेहरा काही दिवस उजळ दिसतो. त्वचेतून आत गेलेला पारा मूत्रपिंडात साठतो. भारतातल्या २०२०च्या नियमांनुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता इतर प्रसाधनांत नकळत आलेला पाराही दहा लाखांत एका भागाहून जास्त असता कामा नये. पण ज्या डबीवर घटकांची यादी नाही, बनवणाऱ्याचे नाव नाही, तिला नियम लावायचा कसा?

नाव असूनही ते वाचले जात नाही, असेही होते. देशातल्या बारा केंद्रांवर केलेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चेहऱ्याच्या विकारांचे २९२६ रुग्ण तपासले गेले. त्यांतले ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइडची मलमे लावत होते आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना ती डॉक्टराने नव्हे, अन्य कोणी सुचवली होती. २०१८ साली चौदा स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंधन आले. आमच्या वर्गांतल्या मुलींच्या पाकिटांत अशा ट्यूब असतात, हे आम्हाला ठाऊक आहे. लग्नाच्या हंगामाआधी त्यांची देवाणघेवाण होते. उष्ट्या हळदीसारखीच तीही हातोहात जाते. फरक एवढाच की हळद देणारी बाई अंगणात समोर उभी असते आणि कोणाला ती सोसत नाही, हे तिला माहीत असते.

आमचा एक माजी विद्यार्थी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामाला आहे. त्याने एकदा सांगितले की तेथे मालाच्या प्रत्येक खेपेची एक नोंदवही असते. प्रत्येक टप्प्यासमोर दोन सह्या लागतात: ‘केले’ आणि ‘तपासले’. पाच वर्षांनी तक्रार आली, तरी त्या दिवशी पिंपात काय कोणी ओतले, हे सांगता आले पाहिजे. “सर, तुमच्या पुस्तकापेक्षा आमचं रजिस्टर बरं,” असे तो हसत म्हणाला. तो आमच्याच प्रकल्पात ओव्या गोळा करायला हिंडलेला होता.

त्याच्या बोलण्यावरून आम्हाला आमची चूक नीट कळली. कॉपीराइट कायद्याचे ५७वे कलम लेखकाला आपले कर्तृत्व सांगण्याचा हक्क देते. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनाही १९९४ आणि २०१२च्या दुरुस्त्यांनी आपापले हक्क मिळाले. आजींच्या आत्याला त्यांतले काय लागू पडले असते, हा वकिलांचा विषय आहे. आमचा विषय त्याहून साधा होता. आम्ही ‘तपासले’च्या रकान्यात आमची नावे घातली आणि ‘केले’चा रकाना कोरा ठेवून त्याला ‘लोकपरंपरा’ असे भारदस्त नाव दिले.

प्रत्येक ओवीचा एकच कर्ता शोधता येईल, असे आम्ही म्हणत नाही. चरकसंहितेला चार हात असू शकतात, ‘नामा’ हे नाव पिढ्यान्‌पिढ्या वाढू शकते, तर ओवीतही आत्या, आई आणि नात यांचे एकेक चरण असू शकतात. पण अनेक कर्ते असणे निराळे आणि एकही कर्ता नसणे निराळे. पहिल्याचा आदर करण्याच्या नावाखाली आपण दुसरे पसरवतो.

विद्यार्थ्यांच्या जुन्या वह्या सुदैवाने कपाटात होत्या. त्या काढून आम्ही पुन्हा गावोगाव फिरलो. काही गाणाऱ्या बायका आता नाहीत. त्यांची नावे लेकीसुनांनी सांगितली. उटण्याच्या कृतींपुढेही सांगणारीचे नाव घातले आणि तिने सांगितलेली सावधगिरी, जी पहिल्या वेळी आम्ही ‘किरकोळ’ म्हणून गाळली होती, तीही घातली. काही ओव्यांपुढे दोन नावे आली, एकीपुढे तीन. काहींपुढे जागा रिकामी राहिली. तेथे आम्ही ‘अनामिक’ हा शब्द वापरला नाही, ‘नाव विचारायचे राहिले’ असे लिहिले. आमची नावे मुखपृष्ठावरून शेवटच्या पानावर गेली.

नवी प्रत घेऊन आजींकडे गेलो. नातीने आत्याचे नाव बोट ठेवून दाखवले. आजींना वाचता येत नाही. त्यांनी त्या ओळीवरून एकदा हात फिरवला आणि विचारले, “गाव लिवलंय का तिचं? माहेरचं?”

ते लिहिले नव्हते. पुढच्या छपाईत लिहू.